सासूबाईंचा आरए (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे एक प्रकारचा सांधेवात) आणि निसर्गोपचार: पाठवावं की नाही?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय पण वाचून सांगा. सासूबाई वय ५८, कराडला त्या आणि सासरे दोघंच असतात, आम्ही पुण्यात. मागच्या दिवाळीच्या आसपास हाताची बोटं सुजायला लागली, आधी सगळ्यांना वाटलं फराळाचं काम जास्त झालं म्हणून असेल, मग सकाळी उठल्यावर मूठच वळेना, कुकरचं झाकण निघेना, पोळ्यांना बाई लावली, बांगड्या काढून ठेवल्या. तिथल्या डॉक्टरांनी युरिक अ‍ॅसिड, कॅल्शियम करत करत शेवटी आरए फॅक्टर आणि अँटी सीसीपी या आरएसाठीच्या रक्ततपासण्या करायला सांगितलं, दोन्ही पॉझिटिव्ह, सीसीपी तर बरंच जास्त. मग पुण्यात रुमॅटॉलॉजिस्टना, म्हणजे सांधेवाताच्या तज्ज्ञांना दाखवलं. आता मेथोट्रेक्सेट १५ एमजी आठवड्यातून एकदा, फॉलिक अ‍ॅसिड, एचसीक्यू (हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन) आणि स्टिरॉइड, जे कमी करत करत ५ एमजीवर आणलंय.
फरक आहे, नाही म्हणणार नाही. सूज उतरलीय, स्वतःची वेणी स्वतः घालतात आता. पण मेथोट्रेक्सेट घेतलं की दुसरा अख्खा दिवस मळमळ, फोडणीचा वाससुद्धा सहन होत नाही, केस विरळ झालेत. त्यात नणंदेने कुठेतरी वाचलं की हे कॅन्सरचं औषध आहे, तेव्हापासून आई गोळीकडे बघूनच घाबरतात. नणंदेच्या ओळखीतलं कुणीतरी एका निसर्गोपचार केंद्रात राहून आलं आणि ठणठणीत झालं म्हणे. मी फोन केला तर ते म्हणाले दाखल व्हाल त्या दिवशी सगळ्या गोळ्या बंद, उपवासाने शरीर आपोआप दुरुस्त होतं.
आईंना मनापासून जायचंय, सासरे बघू म्हणतात, नवरा म्हणतो तूच ठरव. मी सून, मी नको म्हटलं आणि उद्या दुखणं वाढलं तर माझ्यावर येणार, हो म्हटलं आणि काही झालं तरी माझ्यावरच. निसर्गोपचारावर माझा राग नाही, माझ्या माहेरी सगळे मातीच्या पट्ट्या लावतात. पण गोळ्या बंद हे ऐकून पोटात गोळा आला. पाठवावं का? आणि पाठवायचं तर काय काय विचारून पाठवावं?

डोंबिवलीकर
गोळ्या बंद करणार असतील तर अजिबात नको ताई. माझ्या सख्ख्या काकूला हाच आजार होता, तिने एका केंद्रात जाऊन सगळं सोडलं, सुरुवातीला खूप बरं वाटलं, सगळ्यांना फोन करून सांगायची, आणि मग जो झटका आला त्यात मनगटं कायमची वाकडी झाली. आता औषध परत चालू आहे, दुखत नाही, पण वाकडं झालेलं हाड काही सरळ झालं नाही. लग्नाकार्यात हात पदराखाली ठेवून बसते.

रानवाट
सगळे लगेच नको म्हणून मोकळे होतील, म्हणून दुसरी बाजू. माझी बहीण. सगळे सांधे धरले होते, चालता येत नव्हतं, डॉक्टरने आरए सांगितलं आणि जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतील म्हणाले. तिने एक गोळी घेतली नाही. निसर्गोपचार, कच्चं अन्न, दूध बंद, गहू बंद, योगासनं. वर्षाच्या आत पूर्ण बरी, आज ट्रेकला जाते. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, ऐकीव नाही. शरीराला संधी द्यायला हवी, आपण फार लवकर घाबरतो.

खेड्यातला_डॉक्टर
रानवाट, बहीण बरी झाली याचा खरोखर आनंद आहे, तुमचा अनुभव खोटा ठरवायचा नाहीये. फक्त दोन गोष्टी विचारतो. अँटी सीसीपी केली होती का? आणि सांधे धरायच्या आधी दोन-चार दिवस कडक ताप आला होता का, अंगावर पुरळ?

रानवाट
ताप होता, हो. चांगलाच. सीसीपी वगैरे आठवत नाही, बहिणीला विचारून सांगते.

खेड्यातला_डॉक्टर
जरूर विचारा. सांगायचं कारण असं की आपल्याकडे २००६ च्या साथीपासून चिकनगुनिया ठाण मांडून आहे आणि त्यानंतरची सांधेदुखी हुबेहूब आरएसारखी दिसते, तेच छोटे सांधे, तीच सकाळची आखड, महिनोन्‌महिने चालते आणि बहुतेकांची हळूहळू आपोआप ओसरते. त्या काळात माणूस जे काही करत असेल, काढा, उपवास, होमिओपॅथी किंवा माझी गोळी, त्याला श्रेय मिळतं. तुमच्या बहिणीचं तेच होतं असं इथे बसून सांगता येणार नाही, पण कृष्णाकाठ यांच्या सासूबाईंचं चित्र वेगळं आहे. आरए फॅक्टर आणि सीसीपी दोन्ही पॉझिटिव्ह आणि सीसीपी बरंच जास्त, म्हणजे सांधे झिजवणारा प्रकार असण्याची शक्यता जास्त, आणि ही झीज बऱ्याच जणांत पहिल्या दोन वर्षांतच सुरू होते. तुम्ही नेमक्या त्याच काळात आहात. म्हणून गोळ्या बंद करून महिनाभर बघू हा प्रयोग इथे महागात पडू शकतो.
आता कॅन्सरच्या औषधाचं. औषध तेच हे खरं आहे, डोस वेगळा. कॅन्सरमध्ये काही वेळा ग्रॅममध्ये देतात, आरएमध्ये ७.५ ते २५ एमजी आणि तेही आठवड्यातून एकदा. आरएसाठी अमेरिकेत १९८८ मध्ये मान्यता मिळाली, त्याच्याही आधीपासून वापरात आहे. आज जगभर पहिलं औषध म्हणून हेच देतात आणि आपल्याकडे स्वस्तही आहे. एकच गोष्ट घरात सगळ्यांना ठासून सांगा, आठवड्याची गोळी चुकून रोज घेतली तर जिवावर बेततं. वार ठरवा, कॅलेंडरवर खूण करा.
आणि स्टिरॉइड. इतके महिने घेतलेलं स्टिरॉइड एका दिवसात कधीच बंद करायचं नाही, ५ एमजी असलं तरी. शरीर स्वतःचं बनवायचं कमी करतं, अचानक तोडलं की बीपी पडणं, उलट्या, चक्कर, प्रसंगी आयसीयू. दाखल होताच सगळ्या गोळ्या बंद असं फोनवर, रिपोर्ट न बघता सांगणारं केंद्र याच एका कारणासाठी यादीतून काढा.

कृष्णाकाठ
डॉक्टर खूप आभार. हे स्टिरॉइडचं आम्हाला कुणीच एवढं फोडून सांगितलं नव्हतं. मळमळीचं काही करता येतं का? कारण खरं सांगू, आईंना निसर्गोपचाराची एवढी ओढ नसावी, त्या दुसऱ्या दिवसाची भीती जास्त आहे असं मला वाटायला लागलंय.

सकाळचे_सांधे
ताई मी स्वतः आरएची पेशंट, बरीच वर्षं. तुम्ही बरोबर ओळखलंत. बाहेरच्यांना वाटतं आम्हाला चमत्कार हवा असतो. तसं नसतं. आठवड्यातला एक दिवस हातचा जातो आणि घरात कुणी ते मोजत नाही, म्हणतात गोळ्यांनी फरक आहे ना मग झालं. केंद्रात निदान कुणीतरी तासभर बसवून विचारतं, काय खाता, झोप कशी, मन कसंय. रुमॅटॉलॉजिस्टकडे नंबर लागेपर्यंत दुपार होते आणि आत पाच मिनिटं, त्यांचाही दोष नाही, बाहेर एवढी गर्दी असते.
मळमळीसाठी माझ्या डॉक्टरांनी जे केलं ते सांगते, पण तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा. गोळी रात्री जेवणानंतर घ्यायला सांगितली म्हणजे मळमळीचा बराचसा वेळ झोपेत जातो. तरी होत होतं म्हणून त्याच दिवशी दोन भाग करून. तरीही राहिलं तेव्हा पोटात टोचायचं इंजेक्शन सुरू केलं, इन्सुलिनसारखं घरीच घेता येतं, आठवड्यातून एकदा. माझं आयुष्य त्याने बदललं. फॉलिक अ‍ॅसिड कधी घ्यायचं आणि किती हेही परत विचारा, कधी कधी वाढवतात, केसांनाही त्याने फरक पडतो.
आईंना विचारा की तो एक दिवस सुटला तर तुम्हाला केंद्रात जायचंय का. तुम्ही सून म्हणून नाही, असं एकटीने जवळ बसून विचारा. उत्तर काय येतं बघा.

मातीपट्टी
मी बीएनवायएस आहे, म्हणजे निसर्गोपचार आणि योगाचा साडेचार वर्षांचा डिग्री कोर्स आणि वर एक वर्ष इंटर्नशिप. आमच्या शाखेवर प्रेम आहे म्हणून लिहितोय. कृष्णाकाठ, तुम्हाला फोनवर जे सांगितलं ते निसर्गोपचार नाही, तो बेजबाबदारपणा आहे. आधी एवढं समजून घ्या की आयुर्वेद आणि होमिओपॅथीसाठी केंद्राच्या कायद्याने आयोग आहेत, निसर्गोपचाराला तसा नाही. त्यामुळे आमच्यासारखे डिग्रीवालेही पाटी लावतात आणि चार रविवारचं शिबिर केलेलेही लावतात, बाहेरून दोघं सारखेच दिसतात. पहिला प्रश्न हाच विचारा, तपासणारी व्यक्ती काय शिकली आहे आणि रात्री त्रास झाला तर केंद्रात डॉक्टर असतो का.
दुसरं, शुद्ध निसर्गोपचारात पोटात घ्यायचं औषध नसतंच. माती, पाणी, ऊन, उपवास, आहार, मसाज, योग, झालं. तिथे कुणी लेबल नसलेली पुडी किंवा गोळ्या हातात ठेवल्या तर थांबा. अशा पुड्यांमध्ये स्टिरॉइड सापडल्याची उदाहरणं आहेत, दोन दिवसांत आराम पडतो तो त्याचाच असतो.
आता आमच्याकडचं काय उपयोगी पडतं. उपवासाने आरएचं दुखणं उतरतं हे मी वॉर्डात पाहिलंय आणि त्यावर नॉर्वेत अभ्यासही झालाय, १९९१ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलला आला, ५३ पेशंट, त्यातल्या अर्ध्यांना ७ ते १० दिवस उपवास आणि मग वर्षभर शाकाहार, त्यांना वर्षाच्या शेवटीही फायदा दिसला. पण अभ्यास लहान, आणि कुणाचं औषध काय आहे हे पाहिल्याशिवाय उपवास कुणावरही लादायचा नाही. उपवास सोडून पूर्वीचं खाणं सुरू केलं की दुखणं परत येतं हेही अभ्यासांत दिसलंय. योगाचं दिल्लीच्या एम्सचं २०१९ चं काम आहे, ७२ पेशंट, ८ आठवडे, औषधं चालू ठेवून योग, त्यात आजाराचा जोर आणि मनाची उदासी दोन्ही कमी झाले. औषधं चालू ठेवून, हे शब्द नणंदबाईंना वाचून दाखवा.
तुमच्या सासूबाईंना मी दाखल करून घेतलं असतं तर कडक उपवास दिला नसता. मेथोट्रेक्सेट किडनीवाटे बाहेर पडतं, उपवासात अंगातलं पाणी कमी झालं की ते साचून राहतं, त्यात रिकाम्या पोटी पेनकिलर म्हणजे आणखी धोका. हलका आहार, तेलाचा हलका मसाज पण सुजलेल्या सांध्यावर नाही, कोमट पाण्याचं हात-पायस्नान, श्वासाचे व्यायाम, झोप. आणि मानेला हात लावू देऊ नका. आरएत मानेचे वरचे मणके सैल झालेले असू शकतात, मान कडकन मोडणं, झटका देणं, शीर्षासन, सर्वांगासन सगळं वर्ज्य. हे केंद्राला लिहूनच द्या.

जुना_पुणेकर
विषय निघालाच आहे म्हणून थोडं. ताडीवाला रोडवर आज जिथे राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्थान आहे तिथे पूर्वी डॉ. दिनशा मेहतांचं नेचर क्युअर क्लिनिक होतं आणि गांधीजी तिथे येऊन राहायचे. १९४६ मध्ये त्यांनी उरुळी कांचनला निसर्गोपचार आश्रम सुरू केला, पुढे मणिभाई देसाईंनी तो आयुष्यभर सांभाळला. म्हणजे आपल्या भागात ही परंपरा नीट, मनापासून चालवलेली आहे, तिला उगाच बुवाबाजीत टाकू नये असं माझं प्रामाणिक मत. पण त्याच गांधीजींना जानेवारी १९२४ मध्ये अपेंडिक्स झालं तेव्हा ससूनमध्ये कर्नल मॅडॉक यांनी ऑपरेशन केलं आणि गांधीजींनी ते करून घेतलं. माती-पाण्यावर एवढी श्रद्धा असलेल्या माणसाने.

रानवाट
बहिणीला विचारलं. सीसीपी निगेटिव्ह होती, फाइल सापडली. आणि त्याच पावसाळ्यात त्यांच्या गल्लीत बऱ्याच जणांना चिकनगुनिया झाला होता हे तीच म्हणाली. तरी आहाराने तिला फायदा झाला हे मी सोडणार नाही, तिची अ‍ॅसिडिटी, वजन, झोप सगळं सुधारलं. पण कृष्णाकाठ, गोळ्या बंद करा असं मी तुमच्या सासूबाईंसाठी म्हणणार नाही. आहाराचं बघा नक्की.

खेड्यातला_डॉक्टर
धन्यवाद रानवाट, फाइल काढून बघितलीत.

लेक_वॉशिंग्टन
मी सिअ‍ॅटलजवळ राहते, मला लुपस आहे, हाही आरएसारखाच इम्युनिटी आपल्यावरच उलटण्याचा आजार. इथे वॉशिंग्टन राज्यात नॅचरोपॅथला लायसन्स असतं, इन्शुरन्समध्येही बसतात, तरी इथेसुद्धा तोच गोंधळ. मी ज्यांच्याकडे गेले त्यांनी व्हिटॅमिन डी बघितलं, झोपेचं वेळापत्रक लावून दिलं, ते छान झालं. पण सोबत फूड सेन्सिटिव्हिटीची महागडी रक्ततपासणी करायला लावली, आयजीजी या अँटिबॉडीची, आणि त्यावरून गहू, दूध, अंडी, टोमॅटो, शेंगदाणे सगळं बंद. नंतर अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांनी सांगितलं की ती तपासणी ग्राह्य धरूच नये असं त्यांच्या संघटनांचं म्हणणं आहे, आपण जे खातो त्याचंच आयजीजी रक्तात दिसतं. तोवर माझं वजन नको तेवढं उतरलं होतं. सासूबाई ५८ च्या आहेत, स्टिरॉइड चालू आहे म्हणजे हाडं ठिसूळ व्हायचा धोका, त्यांचं दूध-दही एकदम बंद करायला सांगितलं तर कॅल्शियमचं काय हे विचारा. अजून एक, लुपस असेल तर अल्फाल्फाच्या गोळ्या आणि मोड घेऊ नका, त्याने आजार उसळतो. कुणाला उपयोग होईल म्हणून लिहिलं.

डोंबिवलीकर
आणि गुळवेल! काकूला इम्युनिटी वाढवायला म्हणून सकाळ-संध्याकाळ गुळवेलीचा काढा द्यायचे.

खेड्यातला_डॉक्टर
चांगलं काढलंत. या आजारात इम्युनिटी कमी पडलेली नसते, ती आपल्याच सांध्यांवर चालून आलेली असते. तिला आणखी चेतवून काय साधणार? २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेले सहा पेशंट जर्नलमध्ये मांडले, त्यातल्या काहींना आधीपासून असेच ऑटोइम्यून, म्हणजे इम्युनिटी उलटण्याचे आजार होते. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला, तो वाद मी इथे सोडवणार नाही. पण मेथोट्रेक्सेटही लिव्हरवरच लक्ष ठेवून द्यावं लागतं, मग त्यात दुसरी शंका कशाला मिसळायची. गुळवेल, अश्वगंधा, कुठलाही इम्युनिटी बूस्टर, रुमॅटॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय नाही. आणि थोडं विषयांतर, पण लक्षात ठेवा, लघवीच्या इन्फेक्शनसाठी कुणी कोट्रायमोक्साझोल या अँटिबायोटिकची गोळी लिहून दिली तर मेथोट्रेक्सेट चालू आहे हे आधी सांगा, दोन्ही एकत्र आले तर रक्तातल्या पेशी धोकादायक खाली येतात. सासूबाईंच्या पर्समध्ये औषधांची चिठ्ठी कायम असू द्या.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. मधे लिहायला जमलं नाही, कराडला जाऊन आले. सकाळचे_सांधे ताई, तुम्ही सांगितलं तसं आईंना एकटीला विचारलं, दुपारी, सासरे झोपले होते तेव्हा. आधी म्हणाल्या काही नाही गं, मग बराच वेळ बोलल्या. तो दिवस त्यांना नको आहे हे तर होतंच, पण दुसरंही निघालं. गोळी चालू आहे म्हणजे आपण आजारी, आणि केंद्रात जाऊन आलं म्हणजे आपण स्वतःसाठी काहीतरी केलं, असं त्यांना वाटतं. दिवसभर सगळे त्यांना हे करू नका ते उचलू नका सांगतात, तिथे कुणीतरी हे करा असं सांगेल. मला हे कधी सुचलंच नसतं.
मग रुमॅटॉलॉजिस्टना भेटलो, यावेळी मी प्रश्न कागदावर लिहून नेले होते. मेथोट्रेक्सेट इंजेक्शनवर आणलंय, पहिल्या डोसनंतर मळमळ अगदीच थोडी, दुसऱ्या दिवशी आईंनी स्वतः भाजी फोडणीला टाकली. निसर्गोपचाराचं विचारायला मला भीती वाटत होती की ओरडतील, तर अजिबात नाही, म्हणाले जरूर जाऊ द्या, फक्त स्टिरॉइड मी पूर्ण उतरवल्यानंतर, उपवास नाही, कुठली पुडी नाही, आणि इंजेक्शनचा वार चुकवायचा नाही. मानेचा एक्स-रेही काढून घेतला, मातीपट्टी तुमच्यामुळे विचारलं.
नणंदेला ते पहिलं केंद्र नको हे पटवणं कठीण गेलं. वाद नाही घातला, तिलाच सांगितलं तूच फोन कर आणि विचार की स्टिरॉइड एका दिवसात बंद केल्यावर बीपी पडलं तर तुमच्याकडे रात्री कोण असतं. तिने फोन केला. त्यानंतर तिनेच दुसरं केंद्र शोधलं, तिथे आधी रिपोर्ट मागवले, औषधांची यादी मागितली आणि तुमच्या डॉक्टरांचं पत्र आणा म्हणाले. तिथेच पाठवायचं ठरतंय, दहा दिवसांसाठी, सोबत नणंद राहील. मातीपट्टी, पत्रात काय काय लिहून घ्यावं?

मातीपट्टी
उत्तम. पत्रात एवढं असू द्या: निदान, चालू औषधं आणि त्यांचे डोस, मेथोट्रेक्सेटचा वार, स्टिरॉइड कधी बंद झालं ती तारीख, कारण बंद केल्यावरही काही महिने ताप, उलट्या झाल्या तर तिथल्या डॉक्टरांना ते माहीत हवं. कोणते सांधे सध्या सुजलेले आहेत, मानेच्या एक्स-रेचा निष्कर्ष, बीपी-शुगर असेल तर ते. खाली रुमॅटॉलॉजिस्टचा फोन नंबर. एनिमा रोज द्यायचा त्यांचा शिरस्ता असेल तर यांना नको म्हणून स्पष्ट लिहून घ्या, अंगातलं पाणी कमी व्हायला नको.

खेड्यातला_डॉक्टर
जायच्या आधी सीबीसी (रक्तपेशी), एसजीपीटी (लिव्हर), क्रिएटिनिन (किडनी) आणि सीआरपी (अंगातली सूज) या रक्ततपासण्या करून ठेवा, परत आल्यावर दोन आठवड्यांनी तेच पुन्हा, त्याच लॅबमध्ये. बरं वाटतंय हे आईंकडून ऐका आणि आत काय चाललंय ते सीआरपी आणि सुजलेल्या सांध्यांवरून बघा, दोन्ही लागतं. फार छान वाटलं म्हणून डोस कमी करायचा विचार आला तर तो त्या रिपोर्टसकट रुमॅटॉलॉजिस्टसमोर ठेवा. खूप दिवस आजार शांत राहिला की तेही डोस कमी करतात.

सकाळचे_सांधे
इंजेक्शन सोबत नेताना केंद्रात ठेवायची सोय आहे का विचारा, पाकिटावर लिहिलेल्या तापमानाला, उन्हापासून लांब. आणि आईंना सांगा, तिथे शिकवतील ते बोटांचे व्यायाम घरी आल्यावर सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून करायचे, आखड लवकर सुटते. आल्यावर कळवा कशा आहेत.

कृष्णाकाठ
लिहून घेतलं सगळं. वार शनिवार ठरलाय, नणंदेच्या मोबाइलवर अलार्म लावून दिलाय. नक्की कळवते.